मोदकाचं घर

मालवण,
मृगाचा पहिला आठवडा

प्रिय बाब्या,

शिमग्यानंतर तुला एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा शिव्या भेटीत दे. माझी साखर होती तिथेच आहे. आईला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने हवं तेवढंच येतं. बाकी क्षेम. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? धाकट्याला नोकरी लागल्याचं भाऊंकडून कळलं, पेढे मिळाले असं धरून चालतो.

आता मुद्द्याचं. आमच्या घरात साप आहे. पाळलेला. हसून झालं की पुढे वाच.

आमच्या पोरीने, चिंगीने, पुण्याहून आणलाय. बॉल पायथन म्हणतात, आफ्रिकेतला बुटका अजगर. विष नाही. घाबरला की डोकं मधे घालून गोळा होतो, म्हणून तिने नाव ठेवलं मोदक. आईने ते नाव ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या बापजाद्यांनी किरडवां काठयेन मारली, आणि तू तेका हिटर लावतंस?" कोणीतरी वनखात्याला कळवलंही, की अमक्याने घरात अजगर ठेवलाय. वनरक्षक आले. आपला अजगर असता तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली मी आत असतो. हा परदेशी, सायटीजच्या (प्राण्यांच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या) यादीतला, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे चिंगीने त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली. कागद बघून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि हळूच विचारलं, "चावत नाय ना?"

आल्याबरोबर चिंगीने त्याला चार फुटी काचेच्या टाकीत सोडलं. मोठं घर म्हणजे सुखी साप, असा आपलाही समज. हा अंगठ्याएवढा जाड, जेमतेम हातभर लांब. एका कोपऱ्यात जो गोळा झाला तो हलेना आणि खाईना. एवढ्याशा जीवाला उघडा माळ म्हणजे वरून घार येणार हीच भीती. सगळीकडून अंगाला काहीतरी टेकल्याशिवाय त्याला सुरक्षित वाटत नाही. तुला आठवतं ना, धामणीचं पिल्लू आपल्याला कधी मोकळ्यावर सापडलं नाही, गडग्याच्या दगडांतच असायचं. तेच हे.

मग मी त्याला क्लिपांच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा केला, आरपार दिसणार नाही असा. बाजूंना भोकं सोल्डरिंगच्या टोकाने पाडली आणि आतून बोट फिरवून बघितलं, कुठे धार लागत नाही ना. झाकणावर पट्टा. पट्ट्यावरून तुला टोमणा आलाच समज: बिस्किटाच्या डब्याला सुतळी बांधायचं काम तुझं होतं. डब्यातलं दिवड तुमच्या ओटीवर निघालं आणि मार तुला एकट्यालाच बसला, हा न्यायच झाला. चाळीस वर्षं मी हेच सांगतोय.

लपायला एकाच नारळाच्या दोन करवंट्या. काठाला हॅक्सॉच्या पात्याने दार कापलं, पॉलिशपेपरने घासलं. एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही सारख्याच. कारण एकच चांगली असली तर तो बिचारा ऊब सोडून नुसता लपूनच बसतो. डब्याच्या एका टोकाखाली तापणारी चटई, ३२ अंशांवर थर्मोस्टॅट. दुसरं टोक २६च्या आसपास. थर्मोस्टॅटशिवाय चटई लावायची नाही, हे तुझ्या धाकट्यालाही सांग, त्याला असले नाद आहेत. ती तापत जाते आणि हे शहाणं पोट भाजेपर्यंत तिथेच पडून राहतं.

डबा ज्या टेबलावर आहे, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. आई दुधाच्या कपाटाला करायची तसंच. लाल मुंग्यांची ओंबील लागली तर सापाचा खेळ एका रात्रीत आटपेल. वाट्या आईनेच काढून दिल्या, न बोलता.

खाणं? डबा बदलून आठवडाभर हात लावला नाही. मग उंदराचं पिल्लू, त्याच्या अंगाएवढ्याच जाडीचं. पुण्याहून गोठवून येतं. (फ्रीजवरून घरात जे झालं ते लिहीत नाही.) घरातला उंदीर द्यायचा नाही, त्याने कुणाकडचं औषध खाल्लेलं असेल सांगता येत नाही. गरम पाण्यात कोमट करून चिमट्याने दारासमोर धरलं. आधी जीभ आली. मग तोंड, वरच्या ओठावर बारीक खड्ड्यांची रांग, त्यांनी त्याला ऊब कळते. बराच वेळ काहीच नाही. मी श्वास धरून. आणि मग एकदम असा झटका, की चिमटा माझ्या हातून उडाला. करवंटीत ओढून नेलं त्याने. चिंगीला फोन करायच्या आधी तुझीच आठवण झाली, म्हणून हे पत्र.

आता खरी काळजी ऐक. त्याला ६० टक्के दमटपणा पुरतो, कात टाकताना थोडा जास्त. इथे मृग लागल्यापासून काटा नव्वदीच्या खाली येत नाही. काथ्याचा भुसा घातला होता, तो ओला राहून पोटावर फोड येतात, म्हणून काढला. आता रद्दी, रोज बदलायची. भोकं वाढवली. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, चटई कितीशी वीज खाते! पण २०२१चं तौक्ते आठव, किती दिवस काळोखात होतो. रात्रीच्या गारठ्याने तो मरणार नाही, पण पोटात उंदीर असला आणि ऊब गेली तर पचत नाही, ओकून टाकतो. म्हणून वाऱ्याची बातमी आली की त्याला उपास.

हे सगळं जमेल रे. पण चिंगी ऑक्टोबरात जर्मनीला चाललीय. "बाबा, वर्षभर सांभाळा." तिचं वर्षभर मला कळतं, तिच्या सायकलला अजून मीच तेल घालतो. आणि हे जनावर नीट ठेवलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. मी छप्पन्नचा. बेरीज तूच कर. ती चार फुटी टाकी मी तो मोठा होईल तेव्हासाठी पुसून ठेवलीय, आणि हिने त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्यात. मी काही बोललो नाही.

भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, सोडून दे रानात. आफ्रिकेतलं जनावर आपल्या काजीत सोडायचं! इथे दुसरा माणूस नाही ज्याला हे सांगावं. तू निदान हरणटोळ डोकं फोडतो म्हणून टोपली घालून फिरलायस, तरी हात मागे घेतला नाहीस कधी. तेव्हा सरळ विचारतो: मला काही झालं तर मोदकाला घेशील का? पोर्टलवर हस्तांतर नोंदवावं लागतं, नुसतं "घेतो" म्हणून भागत नाही. वहिनींना विचारून सांग. नाही म्हणालास तरी चालेल, दुसरी सोय बघायला वेळ आहे.

आईचा तुला आशीर्वाद. तिला वाटतं मी तुला मोदकाची तक्रार लिहितोय.

तुझा,
अण्ण्या

ता.क. गणपतीत येताना एक जादा थर्मोस्टॅट आण, इथे मिळत नाही. पैसे देईन, मागच्या वेळच्या टॉर्चचे धरून.