वाढीव मोबदल्याचे निकाल कागदावरच

महोदय,

धरणासाठी किंवा रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला न्यायालयाने मंजूर केला, म्हणजे तो शेतकऱ्याच्या हाती पडला, असे होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 नुसार शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या अंतिम आदेशाची) अंमलबजावणी तीन महिने करता येत नाही; निधीची जुळवाजुळव करण्यास ही मुदत रास्तच आहे. पण ती उलटल्यावरही दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीसाठीचा अर्ज, वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि अखेर न्यायालयाचा बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन कार्यालयात पोचतो व साहेबांची गाडी, खुर्च्या, संगणक यांची यादी होऊ लागते, तेव्हा कुठे लेखी हमी मिळते आणि पुढची तारीख पडते. आमच्या कुटुंबाने हे सोसले आहे. खुर्च्या विकून मोबदला वसूल होणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

जुन्या प्रकरणांत 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 नुसार वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के व्याजाची तरतूद आहे. म्हणजे फाईल अडवणाऱ्याला कसलीच तोशीस न लागता सरकारी तिजोरीवरचा बोजा मात्र वाढत जातो. अपील जरूर करावे, पण नुसते अपील दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही, हे संहितेच्या आदेश 41 मध्ये स्पष्ट आहे. शासनाने जिल्हावार थकीत निकालांची यादी रकमेसह जाहीर करावी आणि येत्या पुरवणी मागण्यांत त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.

– एक प्रकल्पग्रस्त खातेदार