उलटणारा ताप आणि आखूड कोर्स

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ताप पुन्हा उलटल्याचं वाचून जीव खालीवर झाला. या वेळी डास चावल्याचं आठवत नाही, मग मलेरिया आला कुठून, असं विचारतोस. अरे, तो बहुधा तुझ्या यकृतातच दडून होता. व्हायवॅक्स मलेरियाचे काही जंतू तिथे झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, झोपलेल्यांचं त्याने काही बिघडत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असतं, आणि नेमकं तेच तू मध्येच सोडलंस.

मी रागावलेलो नाही. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि पोटात ढवळणाऱ्या गोळ्या मात्र १४ दिवस घ्यायच्या! अनेकांचा कोर्स असाच सुटतो. म्हणून तो आखूड करण्याच्या चाचण्यांचं मला फार मोल वाटतं.

प्रायमाक्विनचा गुण मुख्यतः एकूण किती औषध पोटात गेलं यावर ठरतो. मग तेवढंच औषध ७ दिवसांत दिलं तर? अफगाणिस्तान, इथिओपिया, इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधल्या २,३८८ रुग्णांवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ७ दिवसवाल्यांना पुढचा आठवडा दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णालाही कळू नये आणि डॉक्टरांनाही. वर्षभरात ताप उलटण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. ज्यांना प्रायमाक्विन मिळालंच नाही, त्यांच्यात ते पाचपटीहून जास्त होतं.

टॅफेनोक्विन हे त्याच कामाचं दुसरं औषध तर एकदाच घ्यायचं. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

खरी अडचण पुढे आहे. ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधांनी फुटतात. लघवी काळपट होते, रक्त झपाट्याने उतरतं. दिवस कमी केले की रोजचा डोस वाढतो, म्हणजे धोकाही वाढतो. प्रायमाक्विन निदान थांबवता तरी येतं. टॅफेनोक्विन एकदा घेतलं की कित्येक आठवडे अंगात राहतं. म्हणून मला वाटतं, गोळ्यांच्या आधी जी६पीडीची तपासणी लहानातल्या लहान दवाखान्यात पोहोचायला हवी.

तुझी ही तपासणी झाली होती का? जुने रिपोर्ट काढून बघ, नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचार. आणि उरलेल्या गोळ्या मनाने दुप्पट करून संपवू नकोस. काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
मोहन