वॉर्मरशेजारी आईची खाट टाकणाऱ्यांना

डॉ. सुगंधा आर्य, डॉ. हरीश चेलानी आणि दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातल्या नवजात विभागाच्या सर्व सिस्टर्स,

सप्रेम नमस्कार. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम करणाऱ्या परिचारिकांचे हे पत्र आहे. आभार मानायचे आहेत ते एका खाटेसाठी.

दीड किलोचे बाळ जन्मले की वर्षानुवर्षे एकच शिरस्ता होता. बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या यंत्राखाली), बाळंतीण दुसऱ्या वॉर्डात आणि मधल्या दारावर 'आत येऊ नये' ही पाटी. शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. पुढे अनेक ठिकाणी आईच्या दुधाला दार उघडले, आईला मात्र नाही. कारण ठरलेले, जंतुसंसर्ग. दिवसभरात एका बाळाला आम्हा कर्मचाऱ्यांचे किती हात लागतात, हे मात्र पाटी लावणाऱ्यांनी कधी मोजले नाही. 'बाळ स्थिर झाले की कांगारू सुरू करू' हे त्यांचे दुसरे पालुपद. कांगारू म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे. सर्वांत नाजूक बाळे स्थिर व्हायच्या आधीच जातात, त्यांचे काय?

तुम्ही वॉर्मरशेजारी आईची खाट टाकलीत. केवढीशी गोष्ट! पण खाट आली की मागोमाग सगळे येते. तिचे टाके, रक्तस्राव, बीपी तिथेच बघावे लागते, म्हणजे प्रसूती विभागाने वर यायचे आणि बाळाच्या सिस्टरने बाळंतिणीकडेही लक्ष द्यायचे. 'हे आमचे काम नाही' या वाक्यावर कितीतरी रुग्णालयांत हा विषय मिटला असता. तुमच्याकडे मिटला नाही.

मग तुम्ही ज्यात होता तो अभ्यास: भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांतली १ ते १.७९९ किलोची ३,२११ बाळे. एनआयसीयूत असताना एका गटाला दिवसाचे साधारण १७ तास छातीची ऊब मिळाली, दुसऱ्याला दीड तास. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. ज्याचा धाक घातला जायचा, तो जंतुसंसर्गाचा संशयही आईजवळच्या बाळांमध्येच कमी आढळला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. मे २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच बदलली. १९७८ मध्ये बोगोटात डॉ. एडगर रे यांनी काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही कांगारू पद्धत काढली होती, आणि 'यंत्र नाही म्हणून आई' हा शिक्का तिच्यावर कायम राहिला होता. तो तुम्ही पुसलात.

नव्याने सुरू करणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडे. बाळ छातीवर उभे, पाय बेडकासारखे, डोके एका कुशीला आणि मान किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासमार्ग दबतो; तेव्हा सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरले तर ते मोजणाऱ्या प्रोबला दोष देण्याआधी मान बघा. बाळाला आईशी बांधणाऱ्या पट्ट्याची वरची कड कानाखाली हवी. पट्टा सैल असेल तर बाळ घसरते आणि मान पुन्हा वाकते. सीपॅपची (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची) नळी आईच्या गाऊनला खांद्याजवळ चिकटवा, नाहीतर नळीच्या ओझ्याने प्रॉंग (नाकात बसवलेली टोके) ओढले जाऊन नाकाचा पडदा सोलवटतो. बाळ उचलताना दोघी हव्यात, एक बाळाला आणि एक नळ्यांना. आईला सपाट झोपवू नका, पाठ उंच ठेवा. नळीने दूध याच अवस्थेत देता येते. काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश. आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेल तर तोवर आजी किंवा मावशी चालते. आजीला आत घेताना कोणी कुरकुरले, तर तुमचा शोधनिबंध दाखवायचा असे आम्ही ठरवले आहे.

आमच्याकडे पहिली खाट आली आहे. समोरून उघडणारे सहा गाऊन शिवायला टाकलेत.

आपल्या,
एका एनआयसीयूतल्या सिस्टर्स