फळ्यावरची तिसरी ओळ

काका, नमस्कार.

रविवारी निघताना फक्त ‘येते काका’ एवढंच म्हणाले. त्यापुढे एक शब्द बोलले असते तर रडूच फुटलं असतं. म्हणून आज लिहितेय.

त्या दिवशी मॅरेथॉन होती. माझ्या दोघी मैत्रिणी 42.195 किलोमीटर धावत होत्या. वर्षभर आम्ही तिघींनी मिळून सराव केला होता. आणि मी कमरेला फोमचा पट्टा बांधून, पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला, पाय कुठेही न टेकवता पळत होते. नडगीच्या हाडाला तडा गेलाय, त्यावर भार टाकायचा नाही, म्हणून हे पाण्यातलं पळणं.

इतकं वाढायलाच नको होतं. मी दुखतंय म्हणून सांगत होते तेव्हा एक्स-रे बघून मला ‘काही नाही, पळत राहा’ असं सांगण्यात आलं. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो, हे मला फार उशिरा कळलं. प्रशिक्षक तर म्हणाले, दुखणं डोक्यात असतं. आणि एमआरआय झाल्यावर सरावाच्या यादीतून माझं नावच गेलं. एकाचाही फोन नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला मात्र माझं नावही धड माहीत नव्हतं. फोन काठावर ठेवून मी दर दोन मिनिटांनी ओल्या बोटांनी तो उघडायला धडपडत होते. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, ‘काय बघायचंय? मला सांगा, मी वाचतो.’ धावणाऱ्यांच्या अंगावर चिप असते, दर पाच किलोमीटरला रस्त्यावरची मॅट ओलांडली की त्या पाच किलोमीटरची वेळ फोनवर येते, हे तुम्ही एकदाच ऐकून घेतलंत. मग ज्या फळ्यावर रोज पाण्याचा क्लोरीन आणि पीएच लिहिता, त्याच्याखाली खडूने दोन ओळी आखल्यात. 15 किलोमीटर, 20, 25. ‘पहिली 24:50, दुसरी 25:10!’ तुमचा आवाज अख्ख्या तलावावर घुमत होता.

आणि मग तुम्ही तिसरी ओळ आखलीत. माझी.

पाच मिनिटं जोरात, एक मिनिट हळू, असं माझं चाललं होतं. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा दहाएक कमी पडतात, पाणी मागे सरत नाही, समोरची भिंत जवळ येत नाही. आपण खरंच काही करतोय का, हेच कळेनासं होतं. तुम्ही माझी प्रत्येक पाच मिनिटं त्या दोघींच्या वेळांखाली मांडत गेलात. एक, दोन, तीन... अशी बारा. मी त्या शर्यतीत होते, काका. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, यात तुमचा काही फायदाही नव्हता. समोरचं माणूस कशासाठी तळमळतंय ते बघायचं आणि हातात खडू असेल तर खडूने मदत करायची, अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारखे लोक पुन्हा उभे राहतात. शिकलेली, मोठ्या नावाची माणसं माझ्या रिपोर्टकडे बघत होती. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत.

बॅच संपली तरी तुम्ही मला काठावर बसू दिलंत. तिसाव्या किलोमीटरनंतर पहिलीचा वेग पडला, 35 ला 25:40, 40 ला 26:30, तेव्हा माझ्याइतकेच तुम्हीही गप्प झाला होतात. शेवटी 3 तास 32 मिनिटं आली आणि तुम्ही शिट्टी वाजवलीत. तलावावर शिट्टी उगीच वाजवायची नसते, हे तुम्हीच सगळ्यांना बजावता!

त्या फळ्याचा फोटो मी दोघींना पाठवलाय. तिसरी ओळ कोणाची, असं विचारत होत्या.

डॉक्टरांनी परवानगी दिली की मी पहिल्या शर्यतीला नाव देईन. बिब नंबर, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, मिळाला की तो आधी तुम्हाला कळवेन. खडू तयार ठेवा.

तुमची,
खोल टोकाची पळणारी