आवाहन कुणाचं करायचं?

चि. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा बंगळूरच्या घरी गणपती बसवायचा म्हणालीस आणि त्याच दमात विचारलंस की, देव चराचरात आहे असं आपणच म्हणतो, मग पाटावर मूर्ती ठेवून त्याला ‘ये’ म्हणायचं आणि दीड दिवसानं ‘जा’ म्हणायचं, हे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पूजेच्या पोथीतच आहे, पण गुरुजींना त्या दिवशी दहा घरं असतात, तेव्हा ते सांगायला कुणाला सवड नसते. म्हणून पूजा कशी करायची तेच लिहिते. उत्तर वाटेत येईल.

आधी तयारी. मूर्ती मातीची घे, वीतभर उंचीची. फूटभराच्या वर नको. तिकडे आदल्या दिवशी गौरी हब्बा असतो, त्यामुळे बाजारात न रंगवलेल्या मूर्तीही मिळतील, त्यातलीच बघ. घरी आणताना सोंड किंवा हात दुखावला तर दुसरी आण आणि मनात काही धरू नकोस. प्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच आहे. अक्षतांना वाटीभर अखंड तांदूळ, चिमूटभर कुंकू आणि पाण्याचे दोन-चार थेंब पुरतात. पाणी जास्त झालं की गोळे होतात आणि वाहताना बोटांनाच चिकटतात. दूर्वा कोवळ्या, तीन पात्यांच्या, 21 ची एक जुडी. औषध फवारलेल्या लॉनवरच्या नकोत.

वेळ मध्यान्हीची. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच भाग करायचे, त्यातला तिसरा. भाद्रपदात तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन येतो. नेमकी वेळ पंचांगात बघ.

आचमन, प्राणायाम, संकल्प झाला की कलश, शंख, घंटा आणि समईची पूजा. समईची वात पाव इंचाहून जास्त बाहेर काढू नकोस, काजळी धरते. पंखा बंद ठेव. याच सुमारास पोथीत एक श्लोक येतो, ‘देहो देवालयः प्रोक्तो जीवो देवः सनातनः’. म्हणजे मूर्तीला हात लावण्याआधीच पूजा करणाऱ्याला सांगितलं जातं की देऊळ तुझा देह आहे आणि आतला जीव हाच सनातन देव. लोक हा श्लोक भरभर म्हणून पुढे जातात. तू तसं करू नकोस.

मग प्राणप्रतिष्ठा. उजवा हात मूर्तीच्या हृदयाशी ठेवून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ हा मंत्र म्हणायचा. त्यानंतर पंधरा वेळा ओंकार. हे पंधरा कशासाठी? गर्भाधानापासूनचे पंधरा संस्कार त्या मूर्तीवर झाले असं मानायचं म्हणून. माणसाच्या लेकराला जे लागतं तेच मातीला दिलं जातं. मग दूर्वेच्या टोकानं तूप घेऊन मूर्तीच्या डोळ्यांना लावायचं. तूप अगदी नखभर घे. जास्त घेतलंस तर ओघळ गालावर येतो आणि रंगवलेली मूर्ती असेल तर डाग दीड दिवस तसाच दिसतो. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला की हा भाग संपला.

‘बायकांनी प्राणप्रतिष्ठा करायची नसते’ असं कुणी शेजारपाजारचं म्हणालं तर हसून सोडून दे. पुण्यात बायका रीतसर पौरोहित्य शिकून कित्येक वर्षं पूजा सांगताहेत.

आता तुझा ‘ये’. षोडशोपचार पूजा, म्हणजे देवाच्या सोळा सेवांची पूजा, ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचांवर बसवलेली आहे, एका उपचाराला एक ऋचा. आवाहनाच्या वाट्याला पहिली, ‘सहस्रशीर्षा पुरुषः’. तिचा अर्थ नीट वाच. त्या पुरुषाला हजार मस्तकं, हजार डोळे, हजार पाय आहेत. त्यानं पृथ्वी सगळीकडून व्यापली आणि वर दहा अंगुळं उरला. बोलवायचं, आणि बोलावण्याच्या ऋचेतच म्हणायचं की तू नाहीस अशी जागाच नाही! तिसरी, पाद्याची म्हणजे पाय धुण्याची ऋचा म्हणते की सगळी भूतं मिळून त्याचा एक चतुर्थांश, उरलेले तीन भाग द्युलोकात अमर. जिथे तिथे असणाऱ्याला पाटावर आणता येत नाही हे पूजा रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणायचं असतं ते आपलं लक्ष, आणि त्याला टेकायला वीतभर जागा लागते. माझ्या मते आवाहनाचा खरा अर्थ एवढाच.

याला आपल्या देवघरातच दाखला आहे. गंडकी नदीतला शाळिग्राम आणि नर्मदेतला बाण, म्हणजे विष्णू आणि शिव म्हणून पुजले जाणारे नदीतले गोटे, यांना आवाहनही नसतं आणि विसर्जनही नसतं. ते माणसानं घडवलेले नाहीत, तिथे देव आहेच असं धरून रोजची पूजा सुरू होते. हातानं घडवलेल्या मातीला मात्र दोन्ही करावं लागतं.

सगळं एकच असेल तर कोण कुणाची पूजा करतो, असा पुढचा प्रश्न तुझ्याकडून येणारच. त्याला ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात उत्तर दिलंय: ‘देव देऊळ परिवारु। कीजे कोरूनि डोंगरु। तैसा भक्तीचा वेव्हारु। कां न व्हावा।।’ वेरूळचं कैलास लेणं आठव. देव, देऊळ, भोवतीचा परिवार, सगळा एकाच कातळाचा, तरी नंदी महादेवासमोर बसलेलाच आहे.

स्नानाशी बहुतेकांचं चुकतं. मातीच्या मूर्तीवर पंचामृत ओतायचं नाही. रंग सुटतात, दुधा-साखरेला मुंग्या लागतात. ताम्हनात सुपारी किंवा पितळेचा छोटा गणपती ठेव. दूध, दही, तूप, मध, साखर एकेक पळी त्याच्यावर घाल आणि मूर्तीवर दूर्वेनं नुसतं शिंपड. वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप यांत अवघड काही नाही. तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत, पण या दिवशीच्या 21 पत्रींत ती असते, तेव्हा गोंधळू नकोस.

नैवेद्याला 21 मोदक. जमले नाहीत तर पाच कर. पाण्यानं चौकोन काढून त्यावर ताट ठेव, दूर्वेनं पाणी फिरव आणि ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा’ म्हण. पहिले पाच हे आपल्याच शरीरातले वायू. आजोबा जेवायला बसताना ताटाभोवती चित्राहुती घालून हेच म्हणायचे, आठवतं? देवाचं जेवण आणि आपलं जेवण एकाच मंत्रानं सुरू होतं.

आरती, मंत्रपुष्प झालं की शेवटी ‘आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्’. मला बोलावता येत नाही, पूजा करता येत नाही, क्षमा कर. वेद तोंडपाठ असलेला घनपाठीसुद्धा हेच म्हणतो. एखादा उपचार राहिला तर त्याबद्दल अक्षता वाहायच्या. ‘देव कोपेल’ ही भीती पोथीत कुठेच नाही, ती आपण बाहेरून आणून घातलेली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, आरती, मग ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून मूर्तीवर अक्षता टाकायच्या आणि मूर्ती जागेवरून जरा हलवायची. विसर्जन इथेच झालं. पुढे बुडवणं म्हणजे मातीला माती परत देणं, त्यामुळे बादलीत केलंस तरी काही उणं नाही. बादली मूर्तीच्या दीडपट खोल हवी. पाण्यात हलवत बसू नकोस, रात्रभर राहू दे. सकाळी वरचं पाणी कुंड्यांना घाल, खालचा गाळ सुकवून त्यातच मिसळ. निर्माल्यातला दोरा आणि प्लॅस्टिक आधी काढून घे.

पळी, ताम्हन आणि पोथी पार्सलनं पाठवते आहे. मोदकाची पिठी तिकडे मिळते, पण बारीक दळलेली, सुवासिक तांदळाची बघून घे. जाड पिठीची पारी उकडताना फुटते.

तुझी,
आई