ग्लुकोमीटर मिळतो, त्याची तपासणी करणारे द्रावण मिळत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे यजमान इन्सुलिन घेतात. किती युनिट घ्यायचे, ते घरच्या मशीनवर दिसणाऱ्या आकड्यावर ठरते. त्यामुळे तो आकडा बरोबर आहे की नाही, हा आमच्यासारख्या घरांत रोजचा प्रश्न असतो.

चांगल्या मशीनलाही नियमानेच काही सूट असते. आयएसओ १५१९७ या, ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार शंभरातले किमान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा जास्तीत जास्त १५ टक्के कमी किंवा जास्त आले तरी चालतात. म्हणजे खरी साखर २०० असताना १७० दिसले काय किंवा २३० दिसले काय, मशीन बिघडले असे म्हणता येत नाही. साखर १०० च्या खाली असेल तर ही सूट १५ मिलिग्रॅमची. साखर ६५ वर उतरलेली असताना मशीन ८० दाखवू शकते आणि ७० च्या खाली गेली की लगेच साखर द्यायची, असे डॉक्टरांनी बजावलेले असते!

त्यात बाकीच्या गोष्टींची भर पडते. आंबा चिरून हात नुसते पुसले आणि बोट टोचले की आकडा फुगतो. पावसाळ्यात, ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात त्या पट्ट्यांची डबी नीट बंद केली नाही तर ओल लागून पट्ट्या खराब होतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर अनेक मशीन साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडे कितीतरी बायकांचे हिमोग्लोबिन कमी असते, हे त्यांना मशीन विकताना कोण सांगते?

मशीन आणि पट्ट्या ठीक आहेत का, हे घरी पाहण्यासाठी कंपन्यांचे कंट्रोल सोल्युशन, म्हणजे साखरेचे प्रमाण ठरलेले द्रावण असते. रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीला लावायचा आणि आलेला आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का, ते पाहायचे. एवढे सोपे आहे. पण सहकारनगर, पर्वती, स्वारगेट या भागांतल्या मेडिकलमध्ये विचारले, तर ते कुठेच मिळाले नाही. एकाने "ते काय असते?" असे मलाच विचारले. दुसरा म्हणाला, "काकू, शंका असेल तर नवीन मशीनच घ्या, ऑफर चालू आहे." त्याच दुकानात पट्ट्यांचे खोके दर्शनी काचेत, थेट दुपारच्या उन्हात रचलेले होते. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असे लिहिलेले असते, आणि पुण्याचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको.

अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची तपासणी करताना पट्ट्या कशा ठेवल्या आहेत तेही पाहावे. मशीन विकणाऱ्या दुकानात त्याचे द्रावणही मिळालेच पाहिजे, आणि ते कसे वापरायचे हे फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला दाखवावे. तोपर्यंत, लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना मशीन बरोबर न्यावे आणि त्याच वेळी बोट टोचून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. जेवणानंतरचे आकडे मात्र ताडू नयेत. त्या वेळी बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे