केसांच्या गोळ्या आणि चुकलेला थायरॉइडचा अहवाल

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

केस व त्वचेसाठी म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांचा मला आलेला अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. त्यातून उठल्यावर तीनेक महिन्यांनी केस इतके गळू लागले, की न्हाणीघरातल्या जाळीवर रोज मूठभर पुंजका साचत असे आणि वेणी निम्म्याहून बारीक झाली. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी बायोटिन या ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या. डबीवर 10,000 मायक्रोग्रॅम असे लिहिले होते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते आणि अंडी, शेंगदाणे अशा रोजच्या खाण्यातून ते बहुतेकांना मिळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चार महिन्यांनी कपाळापाशी बारीक नवे केस दिसू लागले, तेव्हा सारे श्रेय मी त्या गोळीलाच दिले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होणारी अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे समजावून सांगितले.

खरी अडचण नेहमीच्या रक्ततपासणीत उभी राहिली. थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक अगदी तळाला आणि त्या ग्रंथीतून येणारे टी-3, टी-4 वाढलेले, असा अहवाल आला. छातीत धडधड नव्हती, वजन घटले नव्हते, हातही थरथरत नव्हते. तरीही आकड्यांवरून थायरॉइड वाढल्याचे निदान होऊन गोळ्या सुरू करण्याचे ठरले. त्या घेण्याआधी दुसरे मत घ्यायला गेले असता तिथल्या डॉक्टरांनी माझे हात पुढे करायला सांगून बोटे निरखली, नाडी पाहिली आणि विचारले, "ताई, केसांसाठी काही घेता का?" त्यांच्या सांगण्यावरून आठवडाभर गोळी बंद ठेवून तपासणी पुन्हा केली, तेव्हा सगळे आकडे मर्यादेत होते.

अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे चाचणीसाठी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाची घट्ट पकड वापरतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल, तर ते ती जागा अडवते आणि मोजणी चुकते. थायरॉइडपुरतेच हे असते तरी एक वेळ चालले असते. परंतु हृदयविकाराच्या झटक्याचे निदान ज्या ट्रोपोनिन चाचणीवर होते, तिचा आकडाही काही यंत्रांवर खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला असून, अशा चुकीच्या ट्रोपोनिन अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूची नोंदही त्यात आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. त्याच वेळी केलेल्या तपासणीत माझे फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, बरेच कमी निघाले. महिनोन्महिने मी डबीमागून डबी विकत घेतली, पण लोहाची तपासणी आधी करून घ्यावी, हे कुणी सुचवले नाही आणि मलाही सुचले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. अशा राज्यात केसगळतीवरचा पहिला उपाय म्हणून दुकानातली डबी हाती येते, याचे मला फार वाईट वाटते.

या गोळ्या औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकल्या जातात. माझ्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची ओळ बारीक इंग्रजी अक्षरांत होती. रक्ततपासणीबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. अधिक मात्रेच्या बायोटिनच्या वेष्टनावर 'रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे' ही सूचना ठळक मराठीत असावी, अशी संबंधितांना विनंती आहे. प्रयोगशाळांना तर कुठल्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. रक्त घ्यायला येणारा मुलगा "उपाशीपोटी आहात ना?" असे दर वेळी न चुकता विचारतो, त्याच दमात "केसांच्या, त्वचेच्या गोळ्या घेता का?" एवढे त्याने विचारले असते, तर माझी चुकीच्या उपचाराच्या उंबरठ्यापर्यंतची फरफट टळली असती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सातारा